चांगला शिक्षक चुकीच्या उत्तराचं काय करतो?

शाईपेन

चांगल्या शिक्षकाचे गुण विचारले की यादी ठरलेली असते. विषयावर प्रभुत्व, मुलांवर प्रेम, शिस्त, वक्तशीरपणा, सोपं करून सांगण्याची हातोटी. यातलं काहीच खोटं नाही. पण ही यादी घेऊन मी एखाद्या वर्गात मागे जाऊन बसलो, तर समोरचं शिकवणं चांगलं चाललंय की नाही हे तिच्यावरून ठरवता येत नाही. अतिशय प्रेमळ आणि अभ्यासू माणसाच्या वर्गातही निम्मी मुलं काही न समजता वर्षभर बसून असलेली मी पाहिली आहेत.

आधी गणित शिकवण्यात आणि आता इतरांचे तास पाहण्यात बरीच वर्षं गेली. माझं लक्ष हल्ली एकाच जागी जातं. मुलानं चुकीचं उत्तर दिलं की शिक्षक पुढच्या क्षणी काय करतो?

दुसरी-तिसरीतली एक वही घ्या. हातच्याची वजाबाकी.

४२ − १७ = ३५
६३ − २८ = ४५
५० − २३ = ३३

तिन्हींवर लाल फुली आणि खाली शेरा, 'लक्ष देऊन सोडव'. आता नीट बघा. २ मधून ७ जात नाहीत, म्हणून या मुलानं ७ मधून २ काढले. ३ मधून ८ जात नाहीत, म्हणून ८ मधून ३. शून्यातून ३ जात नाहीत, म्हणून ३ मधून शून्य. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, असा नियम त्यानं मनाशी बांधलाय आणि तो तिन्ही ठिकाणी इमानेइतबारे पाळलाय. लक्ष पुरेपूर आहे, नियम चुकलाय. आणि 'नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं' हे वाक्य बहुतेक वेळा त्यानं एखाद्या मोठ्या माणसाच्याच तोंडून ऐकलेलं असतं.

यातली खरी अडचण पुढे आहे. याच मुलाला ५८ − २३ दिलं तर तो ३५ लिहील आणि ते बरोबर येईल. हातचा न लागणारी दहा गणितं दिली तर दहापैकी दहा. शिक्षकाला वाटेल, वजाबाकी आली. मुलालाही तसंच वाटेल.

ज्या शिक्षकाला हे दिसतं तो फुली मारून थांबत नाही. तो त्या मुलाला ३४ − ९ देतो. त्याच्या नियमानं उत्तर येतं ३५. मग एवढंच विचारायचं, "तुझ्याकडे ३४ गोट्या होत्या, त्यातल्या ९ देऊन टाकल्यास, आणि उरल्या ३५?" आणि गप्प राहायचं. मूल आधी उत्तराकडे बघतं, मग तुमच्याकडे, मग परत गणिताकडे. आपला नियम कुठेतरी फसतोय हे त्याचं त्यालाच कळतं. त्यानंतर दशकाचा गठ्ठा सोडून दहा सुट्या काड्या एककात कशा आणायच्या ते दाखवलं तर त्याला त्याची गरज कळलेली असते. आधी दाखवलं तर ती आणखी एक पाठ करायची कृती होते.

१९७८ मध्ये ब्राउन आणि बर्टन या दोन संशोधकांनी मुलांच्या वजाबाक्यांतल्या चुकांचा बारकाईनं अभ्यास केला होता. बऱ्याच चुका वाटेल तशा झालेल्या नसतात, त्यांच्यामागे ठरावीक सदोष रीत असते आणि ती रीत ओळखली तर मूल पुढच्या गणितात काय लिहील हेही आधी सांगता येतं, असं त्यातून पुढे आलं. माझ्या मते शिक्षकाचं कसब इथे आहे. उत्तर चूक आहे हे कुणालाही कळतं. ते कुठल्या विचारातून आलं हे ओळखणं हेच या पेशाचं काम.

तुम्ही शिक्षक असाल, पालक असाल किंवा फक्त कधीकाळी विद्यार्थी असाल, तरी लिहा. विषय कुठलाही चालेल.

ओंजळ

पालक म्हणून लिहिते. मुद्दा पूर्ण पटला. मुलीच्या वहीत असे शेरे ढिगानं आहेत आणि ते वाचून तिला काय करायचं ते कळत नाही, मलाही नाही.

पण एक शंका. वर्गात पन्नास-साठ मुलं असतात. प्रत्येकाच्या डोक्यात कुठला नियम बसलाय हे एक माणूस कसं शोधणार? चांगल्या शिक्षकाकडून आपण अशक्य गोष्ट तर मागत नाही ना?

शाईपेन

ओंजळ, शंका रास्त आहे. प्रत्येक वही, प्रत्येक गणित असं मी म्हणत नाहीच. उलट मी म्हणेन, कमी तपासा, पण बघून तपासा.

दोन रीती मी चालताना पाहिल्या आहेत. पहिली, पाटी. प्रत्येकाच्या हातात पाटी किंवा पांढऱ्या फळ्याचा तुकडा. शिक्षक एक प्रश्न विचारतो, सगळे लिहितात, आणि 'वर' म्हटलं की सगळ्या पाट्या एकदम वर. काही सेकंदांत पन्नास उत्तरं डोळ्यांसमोर. हात वर करणाऱ्या चार मुलांना विचारून वर्गाला समजलंय असं ठरवण्यापेक्षा हे कितीतरी खरं चित्र.

दुसरी, तास संपताना चिठ्ठी. एकच प्रश्न, पण विचार करून निवडलेला, म्हणजे चुकीच्या नियमानं सोडवलं तर उत्तर चुकलंच पाहिजे असा. चिठ्ठ्या वाचायच्या आणि टेबलावर तीन गठ्ठे करायचे. समजलेली, एकाच प्रकारे चुकलेली, आणि बाकीची. पन्नास मुलांच्या डोक्यांत पन्नास वेगळे नियम नसतात. बहुतेक चुका दोन-तीन वळणांच्याच असतात. दुसऱ्या दिवशीचा तास मधल्या गठ्ठ्यापासून सुरू करायचा.

प्रश्न निवडण्यात मात्र वेळ जातो. तिथे तयारी लागते.

त्रिज्या

मीही गणित शिकवते. शाईपेन, तुम्ही यादी बाजूला ठेवलीत, पण 'विषयावर प्रभुत्व' एवढ्यात सोडू नका. ३४ − ९ हाच प्रश्न का द्यायचा हे सुचायला विषय आतून कळलेला लागतो. आणि ते कळणं पदवीपेक्षा वेगळं असतं.

लिपिंग मा यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आम्हा गणितवाल्यांत बराच बोलला जातो. त्यांनी अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ प्राथमिक शिक्षकांना काही प्रश्न विचारले. त्यातला एक होता, पावणेदोन भागिले अर्धा. सोडवा, आणि मुलांना सांगण्यासाठी यावर एक शाब्दिक उदाहरण तयार करा.

इथे थांबून तुम्हीही करून बघा.

पुष्कळ लोक म्हणतात, पावणेदोन मीटर दोरी दोघांत सारखी वाटली. पण ते झालं भागिले दोन. अर्ध्यानं भागणं म्हणजे पावणेदोन मीटर दोरीतून अर्ध्या-अर्ध्या मीटरचे किती तुकडे निघतील? साडेतीन. उत्तर मूळ संख्येपेक्षा मोठं येतं आणि का येतं हेही दिसतं. अमेरिकेतल्या त्या शिक्षकांपैकी निम्म्याहून कमी जणांचं उत्तर पूर्ण बरोबर होतं, आणि संकल्पना नीट बसलेलं उदाहरण एकालाच सांगता आलं. चिनी शिक्षकांनी गणित तर सोडवलंच, बहुतेकांनी उदाहरणंही दिली, काहींनी एकाहून अधिक प्रकारची. आणि गंमत म्हणजे शालेय-महाविद्यालयीन शिक्षण अमेरिकी शिक्षकांचंच जास्त वर्षांचं होतं.

'भाजक उलटा कर आणि गुण' हे सगळ्यांना येतं. पण 'का' असं विचारणाऱ्या मुलापुढे ते पुरत नाही. असा शिक्षक मग 'नियम आहे तसा' म्हणतो, आणि मूल तो प्रश्न पुन्हा कधी विचारत नाही.

ली शुल्मन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी १९८६ मध्ये हेच वेगळ्या बाजूनं मांडलं होतं. विषय येणं आणि शिकवता येणं यांच्यामध्ये तिसरं एक ज्ञान असतं. हा विषय शिकताना मुलं कुठे अडतात, कुठली उदाहरणं चालतात, कुठली दिशाभूल करतात, याचं ज्ञान. ते फक्त शिक्षकाकडे असतं. त्या विषयातल्या मोठ्या शास्त्रज्ञाकडेही असेलच असं नाही.

दुपारची_उन्हं

वाचतोय, पण थोडा वेगळा सूर लावतो.

चुका, नियम, चिठ्ठ्या, गठ्ठे. हे सगळं ठीक. पण मला आठवणारे शिक्षक यातलं काही करत नसत. आमचे इतिहासाचे सर वर्गात आले की पुस्तक उघडत नसत. तह झाला म्हटलं की ते विचारायचे, "सही करणाऱ्याला त्या रात्री झोप लागली असेल का?" आम्ही घंटा झाल्यावरही बसून राहायचो. मी आज जे वाचतो ते त्यांच्यामुळे. विषयाचं वेड लावणं हा गुण तुमच्या चर्चेत कुठे आहे?

शाईपेन

आहे, आणि तुम्ही तो फार चांगला दाखवलात. पण त्या प्रश्नाकडे परत एकदा बघा. त्या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर नाही. तहाची कलमं, कुणी काय गमावलं, पुढे काय होण्याची भीती होती, हे माहीत असल्याशिवाय त्यावर बोलताच येत नाही. म्हणजे सरांनी गोष्ट सांगून तुम्हाला नुसतं रमवलं नाही, विचार करायला लावला. वेड त्यातून लागलं.

नुसतं रंगवून सांगणारेही असतात. तास कसा गेला कळत नाही आणि आठवड्यानं विचारलं तर मुलांना विनोद तेवढे आठवतात. हा फरक बाहेरून लवकर दिसत नाही, म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो.

कवडसा

भाषा शिकवते. मला इथे शांततेबद्दल लिहायचंय.

कुठल्याही वर्गात जाऊन घड्याळ बघा. शिक्षक प्रश्न विचारतात आणि उत्तरासाठी किती थांबतात? मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून हे मोजलं होतं. सरासरी सुमारे १ सेकंद. तेवढ्यात कुणी बोललं नाही तर शिक्षक प्रश्न पुन्हा विचारतात, बदलतात, दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. हा अवधी ३ सेकंद किंवा जास्त केला तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, 'माहीत नाही' कमी झालं, एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागली, मुलं कारणं देऊ लागली. मुलाचं उत्तर झाल्यावरही तेवढंच थांबलं तर ते स्वतःहून पुढचं वाक्य जोडतं, आणि बहुतेक वेळा ते दुसरं वाक्यच कामाचं असतं.

तीन सेकंद ऐकायला काहीच नाही. वर्गासमोर उभं राहून थांबून बघा. जीव वर-खाली होतो.

मी दोन गोष्टी पाळते. आधी प्रश्न, मग शांतता, मग नाव. आधी नाव घेतलं की बाकीचा वर्ग सुटला. आणि 'कवीला इथे काय म्हणायचंय' असा प्रश्न कधीच विचारायचा नाही, कारण त्याचं उत्तर मार्गदर्शकात छापलेलं असतं. त्याऐवजी, या ओळीतला एक शब्द काढून टाकला तर काय हरवेल? मग ज्याला काहीच सुचत नाही तोही एक शब्द काढून तर बघतो.

मागचा_बाक

मी शिक्षक नाही. नावाप्रमाणे मागच्या बाकावरचा.

एका शाळेत आमचे पेपर गुणांच्या उतरत्या क्रमानं वाटले जायचे. पहिला पेपर मिळणाऱ्याला टाळ्या. माझा शेवटच्या चार-पाचात असायचा आणि पेपर हातात येईपर्यंत अख्खा वर्ग माझ्याकडे बघत असायचा. त्या बाईंचा विषय मी मनातून बंद करून टाकला होता. त्यांनी किती चांगलं शिकवलं हे मला सांगताच येणार नाही, कारण मी ऐकतच नव्हतो.

पुढे दुसऱ्या बाई आल्या. पेपर पालथे ठेवून देत. एकदा माझ्या उत्तरावर त्यांनी लिहिलं होतं, "तुझं दुसरं कारण मला पटलं. पहिलं का पटलं नाही ते मधल्या सुट्टीत सांगते." मी गेलो. त्यांनी पाच मिनिटं माझ्याशी वाद घातला, म्हणजे खरा वाद, माझं म्हणणं खोडून काढत. त्या वयात कुणी माझं म्हणणं खोडण्याइतकं मनावर घेतलं नव्हतं.

शाईपेन, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हे. चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाला पुन्हा उत्तर द्यावंसं वाटलं पाहिजे. ते नसेल तर पाट्याबिट्या काही कामाच्या नाहीत, मूल शेजाऱ्याचं बघून लिहील.

ओंजळ

मागचा_बाक, हे वाचून गलबलून आलं. उतरत्या क्रमानं पेपर वाटणं माझ्याही शाळेत होतं, आणि पहिल्या पाचात असणाऱ्यांनाही त्याची धास्तीच असायची.

त्रिज्या

शेऱ्यांचा विषय निघालाच आहे तर रूथ बटलर यांचा १९८८ चा प्रयोग सांगायला हवा. इस्रायलमधली अकरा-बारा वर्षांची मुलं. कामं तपासून काहींना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात फक्त शेरा मिळालेली मुलं सुधारली, त्यांचा रसही टिकला. फक्त गुणवाली सुधारली नाहीत. आणि दोन्ही मिळालेली? तीही गुणवाल्यांसारखीच वागली. गुण दिसले की शेऱ्याचा असर गेला.

गुण बंद करा असं मी म्हणत नाही, ते शिक्षकाच्या हातात नसतंही. पण रोजच्या वहीत गुण कशाला? आणि शेरा लिहायचा तर असा लिहावा की त्यावर मुलाला काही करता येईल. 'छान', 'प्रगती हवी', 'अक्षर सुधार' यावर काय करणार? 'तिसऱ्या पायरीत चिन्ह बदललंय, का ते शोध आणि पुढची दोन सोडव' यावर करता येतं. आणि करायला वर्गातच पाच मिनिटं द्यायची. वही परत केली आणि नवा धडा सुरू केला तर शेरा कुणी वाचत नाही.

दुपारची_उन्हं

शिस्तीचं काय मग? इतका वेळ चर्चा चाललीय, पण नव्या शिक्षकाचा खरा घाम वर्ग शांत ठेवण्यातच निघतो. गोंधळात कुठली पाटी नि कुठली शांतता.

कवडसा

खरंय. यावर जेकब कुनिन यांचं काम मला आजही सगळ्यात उपयोगी वाटतं, १९७० चं आहे. त्यांनी वर्गांच्या चित्रफिती पाहिल्या. वर्ग चांगला सांभाळणारे आणि न सांभाळणारे शिक्षक यांच्यात गोंधळ झाल्यावर काय करतात यावरून फारसा फरक सापडला नाही. फरक गोंधळाच्या आधी होता. चांगल्यांना वर्गात चहूकडे काय चाललंय याचं भान असतं आणि ते मुलांना जाणवतं. एका मुलाशी बोलताना त्यांचा एक डोळा बाकी वर्गावर असतो. एका कामातून दुसऱ्या कामात जाताना ते रेंगाळत नाहीत.

माझी एक सहकारी आहे, आवाज बारीक, अंगानं किरकोळ. तिच्या वर्गात कधी आरडाओरडा नाही. कारण मुलं आत येतात तेव्हा फळ्यावर काम लिहिलेलं असतं, ती दारात उभी राहून प्रत्येकाच्या नावानं काहीतरी बोलते, वह्या वाटायला कोण, फळा पुसायला कोण हे ठरलेलं असतं. फळ्यावर लिहिताना ती वर्गाकडे पूर्ण पाठ करत नाही, तिरकी उभी राहते. आणि कुणी चुळबुळ करू लागला की बोलणं न थांबवता चालत त्याच्या बाकापाशी जाते. बस. त्याचं नाव घेत नाही, वर्गासमोर त्याचा पाणउतारा होत नाही, तासही तुटत नाही.

शाईपेन

कवडसा, तुमच्या सहकारी बाईंनी फळ्यावर आधीच लिहून ठेवलेलं काम, त्याबद्दल एक भर. ते काम आज काय शिकवायचंय त्याचं नसावं, मागे शिकवलेल्याचं असावं. कालचं एक, गेल्या आठवड्यातलं एक, दोन महिन्यांपूर्वीचं एक, पुस्तक न उघडता.

एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला होता, सुरुवातीला आपण झपाट्यानं विसरतो. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे गेले, आणि बऱ्याच अंतरानं. म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री वाचत बसल्यानं मुलाला जे 'येतंय' असं वाटतं ते फसवं असतं. चांगला शिक्षक मुलांना हे कारणासकट सांगतो आणि वर्गातच आठवण्याची सवय लावतो. त्या पाच मिनिटांना गुण नकोत. धाकाखाली आठवणं वेगळं, सवयीनं आठवणं वेगळं.

पहिला_तास

नमस्कार. मी याच वर्षी शिकवायला लागले. सगळं वाचून काढलं. एक विचारू का? प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं की काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून, काही हातानं करून, आणि चांगला शिक्षक प्रत्येकाच्या पद्धतीनं शिकवतो. त्यावरून मी मुलांचे गट पाडायला घेतलेत. हे बरोबर आहे ना?

त्रिज्या

गट पाडू नका. ही समजूत सगळीकडे पसरलेली आहे, पण २००८ मध्ये पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन तपासून सांगितलं की मुलाच्या आवडत्या पद्धतीनं शिकवलं तर ते जास्त शिकतं याला पुरेसा पुरावा नाही. आवड असते, त्यात वाद नाही. पण नकाशा सगळ्यांनाच बघावा लागतो आणि कविता सगळ्यांनाच ऐकावी लागते. पद्धत विषय ठरवतो. चित्र आणि बोलणं दोन्ही एकत्र दिलं तर ते सगळ्यांच्याच उपयोगाचं.

आणि एखाद्या मुलाला 'तू ऐकून शिकणारा' असा शिक्का मारला की वाचायला अवघड गेल्यावर ते तिथेच थांबतं. शिक्के कुठलेच चांगले नाहीत.

मागचा_बाक

शिक्क्यांबद्दल शंभर टक्के. माझ्यावर 'काठावरचा' असा होता. तो शिक्षकांच्या खोलीतून पुढच्या वर्गशिक्षकांपर्यंत माझ्याआधी पोचायचा.

शाईपेन

यावर रोझेंथाल आणि जेकबसन यांचा १९६८ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. शिक्षकांना सांगितलं गेलं की ही ही मुलं यंदा झेप घेणार. प्रत्यक्षात ती नावं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली होती. वर्षाच्या शेवटी, विशेषतः पहिली-दुसरीत, ती मुलं इतरांपेक्षा पुढे गेलेली दिसली. त्या आकड्यांवर नंतर पुष्कळ वाद झाले आणि परिणाम वाटला तेवढा मोठा नसतो असं बरेच अभ्यासक म्हणतात. तरी अपेक्षा वागण्यातून कशी झिरपते हे वर्गात बसलं की उघड दिसतं. 'हुशार' मुलाला उत्तरासाठी जास्त वेळ मिळतो, त्याचं अर्धवट उत्तर शिक्षक पुरं करून घेतात. दुसऱ्याचं अर्धवट उत्तर म्हणजे चूक. कवडसांच्या तीन सेकंदांची वाटणीही सारखी नसते.

म्हणून मी नव्या शिक्षकांना एक काम सांगतो. एका तासात आपण कुणाकुणाला बोलतं केलं त्यांच्या नावांपुढे पटावर टिंब करा. आठवड्यानं ज्या नावांपुढे एकही टिंब नाही ती मुलं कोण आहेत ते बघा.

ओंजळ

हे सगळं एकट्यानं करायचं म्हणजे शिक्षकावर केवढा भार. वर नोंदी, अहवाल, शाळेबाहेरची कामं. चांगला शिक्षक चांगला राहावा यासाठी कुणी काही करतं का?

शाईपेन

ओंजळ, तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. एकट्यानं करायचं हीच चूक आहे. आपल्याकडे शिक्षकाच्या वर्गात दुसरा मोठा माणूस येतो तो तपासायला. त्यामुळे कुणी दार उघडं ठेवत नाही.

जपानमध्ये 'जुग्यो केन्क्यू' नावाची प्रथा आहे. काही शिक्षक मिळून एकच पाठ आखतात, मुलं कुठे अडतील, काय काय उत्तरं देतील याचा अंदाज आधी लिहून काढतात. एक जण शिकवतो. बाकीचे वर्गात उभे राहून बघतात, आणि बघतात मुलांकडे, शिकवणाऱ्याकडे नाही. नंतर बसून चर्चा. अंदाज कुठे खरा ठरला, कुठे मुलांनी वेगळंच केलं. पाठ बदलतात, कधी दुसऱ्या वर्गात पुन्हा घेतात. चर्चा पाठाची होते, माणसाची नाही, म्हणून कुणाला बचाव करत बसावं लागत नाही.

यासाठी शाळेनं वेळापत्रकात जागा करावी लागते. ती न करता शिक्षकांना नुसती व्याख्यानं ऐकवणाऱ्या शाळांबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. पण दोघांनी ठरवलं तर मोकळ्या तासाला एकमेकांच्या वर्गात बसणं परवानगी काढूनही जमतं.

पहिला_तास

गट मोडले. धन्यवाद, त्रिज्याताई. आता खरा प्रश्न. सोमवारपासून पाचवीला अपूर्णांकांची तुलना सुरू करतेय. शाईपेन सर म्हणतात तसा एकच, निवडलेला प्रश्न कुठला विचारू?

त्रिज्या

शिकवायच्या आधी विचारा. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश, आणि का? चिठ्ठीवर, उत्तरासोबत कारण हवंच.

तीन गठ्ठे होतील. काही म्हणतील चतुर्थांश, कारण ४ मोठा. ही चूक उघड आहे, कागदाच्या सारख्या पट्ट्या घडी घालून दाखवल्या की वाटेवर येतात. काही म्हणतील तृतीयांश, कारण तेवढ्याच पट्टीचे कमी भाग केले तर प्रत्येक भाग मोठा. यांना कळलंय. आणि काही लिहितील, "तृतीयांश, कारण अपूर्णांकात लहान आकडा मोठा असतो." उत्तर बरोबर, म्हणून हे गठ्ठे करताना दुसऱ्यात जाऊन बसतात. तसं होऊ देऊ नका. यांना लगेच दोन तृतीयांश आणि तीन चतुर्थांश द्या. त्यांच्या नियमानं दोन तृतीयांश मोठा ठरेल, पट्ट्या शेजारी ठेवल्या की तीन चतुर्थांश पुढे गेलेला दिसेल.

पहिला_तास

आज चिठ्ठ्या घेतल्या. तिसरा गठ्ठा सगळ्यात जाड निघाला, आणि घटक चाचणीत पैकीच्या पैकी मिळवणारी तीन मुलं त्यातच आहेत. उद्या पट्ट्या नेतेय. बाजूच्या वर्गाच्या बाई बघायला येते म्हणाल्यात. त्यांना सांगितलंय, माझ्याकडे नका बघू, खिडकीजवळच्या दोन ओळींतली मुलं पट्ट्या कशा लावतात ते लिहून घ्या.

त्रिज्या

पट्ट्यांची लांबी १२ सेंटिमीटर ठेवा. तृतीयांश ४, चतुर्थांश ३, दोन तृतीयांश ८, तीन चतुर्थांश ९, सगळ्या घड्या पूर्ण सेंटिमीटरवर पडतात आणि पट्टीनं मोजून पडताळाही घेता येतो. त्या तीन मुलांना आधी अंदाज लिहायला लावा, मग पट्ट्या हातात द्या.